टॉवर स्पीकर आणि त्यांना जुळणारा ॲम्प्लिफायर : एकाच हॉलमध्ये संगीतही आणि चित्रपटही

मंद्रसप्तक (धागाकर्ते)

नमस्कार. आमच्या पुण्यातल्या सदनिकेचा हॉल १६ फूट लांब, ११ फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच आहे. खाली व्हिट्रिफाइड लादी आहे, एका लांब बाजूला बाल्कनीचे सरकते काचेचे दार आहे आणि सोफा मागच्या आखूड भिंतीला टेकलेला आहे. घरात मी बहुतेक वेळ शास्त्रीय गायन आणि एकल तबला ऐकतो, तर शनिवार-रविवारी घरातले सगळे मिळून चित्रपट पाहतो. आतापर्यंत डबा स्वरूपातला एक जुना होम थिएटर संच होता. त्यात संवाद कळतात, स्फोट ऐकू येतात, पण माणसाचा आवाज मात्र माणसासारखा येत नाही. आता टॉवर स्पीकरची एक चांगली जोडी आणि तिला शोभेल असा ॲम्प घ्यायचा विचार आहे. सगळे मिळून दोन लाखांच्या आत बसवायचे आहे आणि ही खरेदी निदान पंधरा वर्षे टिकावी अशी इच्छा आहे.

गेल्या आठवड्यात एका दालनात तीन वूफरचा, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या तीन पडद्यांचा, मोठा टॉवर ऐकला. मारामारीचा प्रसंग लावला तेव्हा तो अतिशय भव्य वाटला. नंतर मी सोबत नेलेले काळी एकमधले (पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरून गायलेले) ख्यालगायन लावायला सांगितले, तर तंबोऱ्याचा खर्ज इतका घुमू लागला की गायकाचा मंद्रातला आलाप त्यात बुडून गेला. विक्रेत्याचे म्हणणे असे पडले की दुप्पट वॉटचा ॲम्प जोडला की तो बासला ताब्यात ठेवेल. मला हे पटले नाही, पण ते का पटले नाही हेही सांगता येईना. म्हणून तीन गोष्टी विचारतो. माझ्या हॉलला टॉवरच हवा का? ॲम्पचे वॉट नेमके कशावरून ठरवायचे? आणि संगीतासाठी स्टिरिओ ॲम्प आणि चित्रपटांसाठी एव्ही रिसीव्हर (अनेक स्पीकर चालवणारा, चित्र-ध्वनी एकत्र हाताळणारा ॲम्प) असे दोन वेगळे घ्यावेत, की एकातच भागेल?

निवृत्त_अभियंता

आपली शंका रास्त आहे. खर्ज घुमण्याचे कारण बहुतेक वेळा ॲम्पमध्ये नसते, ते खोलीत असते. दालनातली खोली मी पाहिलेली नाही, त्यामुळे तिच्याबद्दल बोलत नाही. आपल्या हॉलचे गणित मात्र आत्ताच मांडता येते.

दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये जी कंप्रता अर्ध्या तरंगलांबीने नेमकी बसते ती खोलीत साठत राहते. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४४ मीटर धरला, तर १७२ ला भिंतींमधल्या मीटरमधील अंतराने भागले की ती कंप्रता मिळते. आपला हॉल १६ फूट, म्हणजे ४.८८ मीटर लांब आहे. त्याची पहिली घुमणारी कंप्रता ३५ हर्ट्झ आणि दुसरी ७० हर्ट्झ. रुंदीची पहिली कंप्रता ५१ च्या आसपास आणि उंचीची ५९ च्या आसपास येते. आता काळी एकचा षड्ज घ्या. मध्य सप्तकात तो १३८.६ हर्ट्झला आहे, म्हणजे तंबोऱ्याची खर्जाची तार ६९.३ हर्ट्झला लागते. आपल्या हॉलची दुसरी कंप्रता तिच्यापासून जेमतेम एक हर्ट्झ दूर आहे. दालनात जे ऐकून आपण वैतागलात, तेच घरी अधिक जोराने ऐकू येण्याची शक्यता आहे, आणि ५०० वॉटचा ॲम्प जोडला तरी त्यात फरक पडणार नाही. ॲम्पने पाठवलेला ६९ हर्ट्झचा सूर निर्दोष असला तरी भिंती तो वाढवणारच.

यावरचा पहिला उपाय फुकट आहे. सोफा भिंतीला टेकलेला आहे, आणि भिंतीलगत खोलीच्या प्रत्येक घुमणाऱ्या कंप्रतेचा दाब सर्वाधिक असतो. लांबीच्या पावभर अंतरावर, म्हणजे मागच्या भिंतीपासून चार फुटांवर, ७० हर्ट्झच्या त्या विशिष्ट कंप्रतेचा दाब सर्वांत कमी होतो. चार फूट जमत नसेल तर अडीच फूट तरी सोफा पुढे घ्या. एखाद्या दुपारी घरच्यांची परवानगी घेऊन, जुना संच चालू ठेवून, हा प्रयोग करा. जुन्या संचावरही फरक स्पष्ट कळेल.

स्पीकरची निवड त्यानंतर करावी. माझा क्रम असा आहे : आधी खोली आणि बसण्याची जागा, मग स्पीकर आणि सर्वांत शेवटी ॲम्प. बाजारात हा क्रम बरोबर उलटा चालतो, कारण ॲम्पच्या खोक्यावर मोठा आकडा छापता येतो.

तंबोरा

काकांनी खर्जाचे गणित मांडले, त्यात तबल्याची भर घालतो. एकल तबला ऐकणाऱ्याला हा दोष खर्जापेक्षाही लवकर टोचतो. डग्ग्यावर मनगट सरकवून जी मींड काढतात, तिचा सूर मंद्रात खालून वर चढत जातो. ज्या खोलीत एखादीच कंप्रता फुगते, तिथे ही मींड एकसंध ऐकू येत नाही. मधेच एका जागी ती मोठी होते आणि पुढे गळून पडते. ऐकणाऱ्याला वाटते की वादकाचाच दाब कमीजास्त झाला. स्पीकर निवडताना म्हणूनच मी बास किती खाली जातो हे विचारत नाही, तो किती सपाट जातो हे कानाने तपासतो.

आणखी एक सुचवतो. सोबत नेण्याच्या ध्वनिमुद्रणांत एक काळी एकमधले पुरुष गायन, एक काळी चारच्या आसपासचे स्त्री गायन, एक एकल तबला आणि एक सतार किंवा सरोद एवढे ठेवा. स्त्री गायनात तंबोऱ्याचा मंद्र षड्ज १०४ हर्ट्झच्या जवळपास असतो, त्यामुळे खोलीचा वेगळा भाग तपासला जातो. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी झणकार, हीही उत्तम कसोटी आहे. तारेच्या मूळ सुरापेक्षा तिचे वरचे स्वयंभू स्वर अधिक बोलतात. ते एका संथ प्रवाहासारखे ऐकू यायला हवेत. वरचे सूर वाजवणारा ट्वीटर आणि वूफर जिथे एकमेकांना मिळतात तिथे खोट असेल, तर या प्रवाहात खरखर किंवा पोकळी जाणवते.

पडदाप्रेमी

मी चित्रपटांच्या बाजूने लिहितो, कारण त्याचे नियम वेगळे आहेत.

घरातल्या चित्रपटासाठी सर्वांत महत्त्वाचा स्पीकर टॉवर नसून मधला, म्हणजे सेंटर आहे. संवादाचा बहुतेक भाग त्याच्यातून येतो. पुष्कळ जण सगळे पैसे टॉवरवर घालवतात आणि सेंटर म्हणून हाताशी येईल ते लावतात. मग पात्र पडद्याच्या मधून डावीकडे गेले की त्याचा आवाजच बदलतो. सेंटर शक्यतो टॉवरच्याच मालिकेतला घ्यावा. आत्ता पैसे पुरत नसतील तर सेंटर न घेता दोन टॉवरवरच चित्रपट पाहावेत. रिसीव्हरमध्ये सेंटर नाही असे नोंदवले की संवाद दोन्ही टॉवरना समान वाटला जातो आणि मधोमध बसणाऱ्याला तो पडद्यातूनच आल्यासारखा वाटतो. दोन्ही टोकांना बसणाऱ्यांना मात्र तो जवळच्या स्पीकरकडे ओढल्यासारखा वाटेल.

दुसरी गोष्ट सबवूफरची, म्हणजे फक्त खोल बास वाजवणाऱ्या वेगळ्या पेटीची. चित्रपटांच्या आवाजाचे निकष ठरवणाऱ्या टीएचएक्सने रूढ केलेल्या पद्धतीनुसार ८० हर्ट्झच्या खालचा भाग सगळ्या स्पीकरमधून काढून सबवूफरकडे दिला जातो. म्हणजे ज्या खोल बाससाठी आपण तीन वूफरच्या टॉवरला जास्त पैसे मोजणार, तो बास चित्रपटात टॉवरला वाजवायचाच नसतो. आपल्या हॉलला मी मध्यम आकाराचा, दोन लहान वूफरचा टॉवर पुरेसा मानतो. पैसे उरले तर ते पुढे चांगल्या सबवूफरला ठेवावेत.

एक सूचना कळकळीने करतो. सदनिकेत सबवूफर लावताना खालच्या मजल्याचा विचार आधी करा. संवाद आणि गाणे भिंतीत बरेचसे अडते, पण ३० हर्ट्झचा धक्का स्लॅबमधून खाली उतरतो. सबवूफरखाली जाड रबरी गादी ठेवल्याने पेटीची थेट थरथर कमी होते, हवेतून जाणारा भाग तिने थांबत नाही. रात्री दहानंतर आमच्या घरी सबवूफर बंद असतो आणि रिसीव्हरमधली मोठे आवाज दाबणारी रात्रीची सोय चालू असते.

मंद्रसप्तक

सोफा आज दुपारी तीन फूट पुढे घेतला. फरक मला अपेक्षेपेक्षा पुष्कळ जास्त जाणवला, आणि जुन्या संचावरही खर्ज शांत झाला. आईने मात्र लगेच विचारले की मागून जाण्यायेण्याचा रस्ता कायमचा राहणार का. त्यावर काही तरी तोडगा काढू.

आता वॉटचे विचारतो. एका ॲम्पवर ४५ वॉट लिहिले आहे, दुसऱ्यावर ८५, तिसऱ्यावर ३००, आणि लहानपणी घरात असलेल्या टेपरेकॉर्डरवर तर १,००० वॉट पीएमपीओ असे लिहिलेले स्पष्ट आठवते. हे सगळे आकडे एकाच मापाचे कसे असतील?

निवृत्त_अभियंता

एकाच मापाचे नाहीतच. पीएमपीओ या आकड्याला कोणतीही ठरलेली मोजपद्धत नव्हती, त्यामुळे त्याकडे पूर्ण दुर्लक्ष करावे. अमेरिकेत अशाच फुगवलेल्या आकड्यांमुळे १९७४ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने ॲम्पच्या वॉटविषयी नियम केला आणि २०२४ मध्ये त्यात सुधारणा करून तो अधिक कडक केला. वाचताना चार गोष्टी एकत्र पाहाव्यात : किती ओहमवर, किती चॅनल एकाच वेळी चालू असताना, २० ते २०,००० हर्ट्झ या पूर्ण पट्ट्यात की फक्त १,००० हर्ट्झवर, आणि किती टक्के विकृतीवर. लहान आकाराच्या स्वस्त डिजिटल म्हणवणाऱ्या ॲम्पवरचा ३०० वॉटचा आकडा बहुधा ४ ओहमवर आणि १० टक्के विकृतीवर मोजलेला असतो. इतक्या विकृतीवर कोणीही संगीत ऐकत नाही. ते ॲम्प वाईट असतात असे नव्हे, त्यांचा आकडा फक्त निम्मा-शिम्मा समजून वाचावा.

आता आपल्याला किती वॉट लागतात ते पाहू. समजा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक वॉटवर मिळणारा आवाज, ८८ डेसिबल आहे. म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरला १ वॉट दिल्यावर एक मीटरवर ८८ डेसिबल मिळतात. आपण तीन मीटरवर बसता, त्यात साडेनऊ डेसिबल जातात. दोन स्पीकर आणि भिंतींचे परावर्तन मिळून साधारण पाच डेसिबल परत मिळतात. म्हणजे प्रत्येकी १ वॉटवर आपल्या कानाशी ८३ ते ८४ डेसिबल येतात. घरात गाणे निवांत ऐकताना सरासरी पातळी ७५ च्या आसपास असते. त्यासाठी वॉटचा सातवा भागही पुरतो. मात्र तबल्याची थाप किंवा एखादी तान सरासरीच्या २० डेसिबल वर उसळते, आणि त्या क्षणाला साधारण १४ वॉट लागतात. म्हणजे संगीतासाठी ४५ वॉटचा प्रामाणिक ॲम्प आपल्या हॉलला पुरून उरतो. चित्रगृहाच्या प्रमाणित पातळीत मुख्य चॅनलला १०५ डेसिबलपर्यंतचे शिखर धरलेले असते. तितके दोन्ही स्पीकर मिळून गाठायचे ठरवले तरी प्रत्येकाला १४० वॉट लागतील. पण आपल्या एवढ्या हॉलमध्ये बहुतेक जण त्याहून दहा डेसिबल खाली ऐकतात, तेव्हा गरज दहापट घटते.

इथे सेन्सिटिव्हिटीचे मोल कळते. ॲम्पचे वॉट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात. ८८ ऐवजी ९२ डेसिबलचा स्पीकर घेतला, तर अडीचपट मोठा ॲम्प घेतल्यासारखे झाले. क्लिप्शसारख्या हॉर्न वापरणाऱ्या कंपन्या याच बळावर मोठे आकडे देतात, उदाहरणार्थ आरपी-८०००एफ या टॉवरला ९८ डेसिबल असे सांगितलेले आहे. माहितीपत्रकातला सेन्सिटिव्हिटीचा आकडा मी नेहमी दोन-तीन डेसिबल कमी करूनच धरतो. शिवाय तो २.८३ व्होल्टवर दिलेला असेल आणि स्पीकर ४ ओहमचा असेल, तर प्रत्यक्षात १ नव्हे, २ वॉट दिलेले असतात. अशा वेळी ३ डेसिबल वजा करून तुलना करावी.

वॉटपेक्षाही ज्याकडे माझे लक्ष आधी जाते तो आकडा आहे किमान इम्पीडन्स, म्हणजे स्पीकरचा ओहममधला विरोध सर्वांत कमी किती होतो तो. स्पीकरवर ८ ओहम लिहिलेले असते, पण तो सगळ्या कंप्रतांना ८ ओहम नसतो. बोवर्स अँड विल्किन्सच्या ६०३ एस२ या टॉवरचे माहितीपत्रक पाहा. त्यात ८ ओहम आणि लगेच पुढे किमान ३ ओहम असे लिहिलेले आहे. हा त्या स्पीकरचा दोष समजू नका, हे उघडपणे छापणे हा प्रामाणिकपणा आहे. ॲम्पने २० व्होल्ट दिले तर ८ ओहमला अडीच अँपिअर वाहतात, ३ ओहमला मात्र जवळजवळ सात. हा प्रवाह पुरवण्याची ताकद ट्रान्सफॉर्मर, संधारक आणि आउटपुटच्या ट्रान्झिस्टरमधून येते. ती ओळखायची सोपी खूण म्हणजे ८ ओहमवरच्या आणि ४ ओहमवरच्या वॉटची तुलना. आदर्श ॲम्पमध्ये ती दुप्पट होते. डेनॉनचा पीएमए-६००एनई ८ ओहमवर ४५ आणि ४ ओहमवर ७० वॉट देतो, आणि त्या किमतीच्या वर्गात हे चांगले लक्षण आहे. ज्याच्या माहितीपत्रकात ४ ओहमचा उल्लेखच नाही, तो ॲम्प अशा स्पीकरला जोडताना मी दहा वेळा विचार करीन.

नॅडचा ३०२० हा ॲम्प १९७८ मध्ये आला तेव्हा त्यावर केवळ २० वॉट लिहिलेले होते. तरीही अवघड स्पीकर पेलण्याबद्दल त्याचे नाव आजही घेतले जाते, ते या प्रवाहाच्या ताकदीमुळेच.

सुरेल_कान

निवृत्त_अभियंता यांचे गणित मला मान्य आहे, पण त्यातून असा अर्थ निघू नये की पुरेसे वॉट आणि पुरेसा प्रवाह असला की सगळे ॲम्प सारखेच. मी घरी तीन ॲम्प आलटून पालटून ऐकले आहेत आणि त्यातल्या एकावर किराण्याच्या गायकीतला स्वराचा लगाव मला अधिक जवळचा वाटला. उजळ ट्वीटरच्या स्पीकरला मऊ स्वभावाचा ॲम्प जोडावा, असे जुने जाणकार सांगत आले आहेत, आणि तो सल्ला मला उपयोगी पडला आहे.

निवृत्त_अभियंता

आपला अनुभव मी नाकारत नाही. एवढेच सुचवतो की तुलना करताना दोन्हींची पातळी मापकाने जुळवली होती का हे एकदा पाहावे. अर्धा-एक डेसिबल अधिक असलेला ॲम्प मोठा वाटत नाही, तो अधिक चांगला वाटतो. पातळी जुळवून आणि कोणता ॲम्प चालू आहे हे न कळू देता ऐकले, तर मर्यादेत चालवलेल्या चांगल्या ट्रान्झिस्टर ॲम्पमधले फरक फार लहान होतात. व्हॉल्व्हच्या ॲम्पचे तसे नाही. त्याचा आउटपुट इम्पीडन्स जास्त असल्यामुळे स्पीकरचा ओहम जसा बदलेल तसा आवाजाचा तोलही खरोखर बदलतो.

स्पीकरबाबत मात्र फरक निःसंशय मोठे आहेत. फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि पुढे हार्मन कंपनीत पडद्याआड स्पीकर ठेवून ऐकण्याच्या चाचण्या केल्या. समोरून सपाट आणि बाजूंनाही एकसारखा उतरत जाणारा आवाज देणारा स्पीकर श्रोत्यांना अधिक आवडतो, असे त्यांत पुन्हा पुन्हा दिसले. मऊ ॲम्प शोधून उजळ स्पीकर सावरण्यापेक्षा मुळात तोल असलेला स्पीकर घ्यावा, असे मी म्हणेन.

जर्सीतून

मी न्यू जर्सीत राहतो. भिंतींबद्दल एक निरीक्षण नोंदवतो. इथल्या घरांच्या भिंती लाकडी चौकटीवर जिप्समचे तक्ते ठोकून केलेल्या असतात. त्या खालच्या सुरांना थोड्या हलतात, काही आवाज बाहेर जाऊ देतात आणि काही शोषतात. भारतातल्या काँक्रीट आणि विटांच्या भिंती तसे काहीच करत नाहीत, सगळा बास खोलीतच परत पाठवतात. माझे इथे समतोल वाजणारे टॉवर मी नाशिकला भावाकडे पाठवले आणि तिथे ते इतके घुमू लागले की मागच्या पोर्टमध्ये, म्हणजे पेटीच्या हवेच्या भोकात, फोमचे बोळे घालावे लागले. त्यामुळे परदेशी परीक्षणांत एखाद्या टॉवरचा बास थोडा कमी आहे असे वाचले, तर आपल्याकडच्या खोलीसाठी तो गुण ठरू शकतो.

परदेशातून सामान आणण्याचा विचार असेल तर स्पीकर खुशाल आणा, ॲम्प आणू नका. इथला बहुतेक माल १२० व्होल्टचा असतो. त्याला २३० व्होल्टवर चालवायला मोठा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो आणि वॉरंटीही सोबत येत नाही.

मडगावहून

पंधरा वर्षे टिकावेत असे म्हणालात, म्हणून लिहिते. माझ्या वडिलांनी नव्वदच्या दशकात घेतलेल्या टॉवरच्या वूफरभोवतीची फोमची कड गोव्याच्या दमट हवेत भुगा होऊन गळली. पुढे त्या जागी रबरी कड बसवून घेतली, तेव्हापासून ती टिकून आहे. नवीन घेताना कड रबराची आहे ना हे बोटाने हळूच तपासा. दुसरे म्हणजे लादी पुसताना टॉवरच्या तळाशी पाणी साचते आणि एमडीएफची पेटी खालून फुगते. म्हणून पेटी जमिनीपासून निदान बोटभर वर राहील असे पाय बसवा, आणि टोकदार खिळे असतील तर त्यांखाली धातूच्या चकत्या ठेवा, नाहीतर लादीला ओरखडे पडतात.

ॲम्पला बंद शोकेसमध्ये कोंडू नका. आतले संधारक उष्णतेने लवकर म्हातारे होतात. तापमान दर दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा हिशेब आहे. वरती निदान वीतभर मोकळी जागा असू द्या.

पडदाप्रेमी

तारेबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात. महागडी तार घेऊ नका. चार मीटर लांबीची अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची मल्टीस्ट्रँड तार घेतली, तर जाऊन येऊन तिचा रोध ०.०६ ओहमच्याही आत राहतो. तापकीर गल्लीत विजेच्या दुकानात ती मीटरवर मिळते. तांबे शुद्ध आहे याची मात्र खात्री करा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची तार स्वस्तात गळ्यात मारली जाते.

मंद्रसप्तक

सगळे वाचून आणि दोन रविवार ऐकून जे ठरले ते कळवतो.

एका दुकानदाराने दोन जोड्या चार दिवसांसाठी घरी नेऊ दिल्या. त्यांचे मला फार अप्रूप वाटले. एक तीन वूफरचा मोठा टॉवर होता आणि दुसरा दालीचा ओबेरॉन ५, म्हणजे दोन लहान वूफरचा, ८८ डेसिबल आणि ६ ओहमचा. मोबाइलवरच्या मापकाने पातळी जुळवली. सोफा भिंतीपासून साडेतीन फूट पुढे आणि टॉवर त्यांच्या पाठीमागच्या, म्हणजे समोरच्या, भिंतीपासून दोन फूट पुढे ठेवले. मोठ्या टॉवरवर डग्ग्याची मींड मधेच फुगत होती, तंबोरा यांनी वर्णन केली होती अगदी तशीच. ओबेरॉनवर ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका हाताने काढल्यासारखी ऐकू आली. काळी एकचा खर्ज अजूनही आहे तसा भारदस्त आहे, पण आता तो गायकाच्या मागे बसतो. घरच्यांना चित्रपटात मोठा टॉवर अधिक आवडला, हेही प्रामाणिकपणे सांगतो. ती उणीव पुढच्या वर्षी सबवूफरने भरून काढायची असे आमच्यात ठरले आहे.

दोन वेगळे ॲम्प घ्यायचा विचार सोडला. सात चॅनलचा एकच रिसीव्हर घेतो आहे, कारण त्यात मायक्रोफोनने मोजून खोलीचा फुगवटा कापण्याची सोय आहे. माझ्या यादीतल्या साध्या स्टिरिओ ॲम्पमध्ये ती नव्हती. मागे मुख्य दोन चॅनलचे प्री-आउट, म्हणजे दुसऱ्या ॲम्पला जोडायची जागा, आहेत हे पाहूनच घेतला, म्हणजे उद्या स्टिरिओ ॲम्प जोडावासा वाटला तर वाट मोकळी राहील.

निवृत्त_अभियंता

निवड उत्तम झाली. पुढे तो स्टिरिओ ॲम्प घ्यालच, तर त्याच्या मागे थिएटर बायपास किंवा मेन-इन, म्हणजे त्याचे स्वतःचे आवाजाचे बटण वगळून जाणारी जोडणी, आहे का ते पाहा. तसे नसेल तर दोन आवाजाच्या बटणांची पातळी दर वेळी जुळवत बसावी लागते. मायक्रोफोनने मोजताना पंखा आणि एसी बंद ठेवा, आणि मायक्रोफोन सोफ्याच्या पाठीला न टेकवता तिपाईवर, कानाच्या उंचीवर धरा. ही सोय फुगवटे कापते, पण जिथे सूर एकमेकांना छेदून नाहीसे होतात ते खड्डे ती भरू शकत नाही. म्हणून मोजमाप झाल्यावर सोफा पुन्हा भिंतीला लावू नका.

मंद्रसप्तक

सोफ्यामागे आता आईची पुस्तकांची बुटकी मांडणी ठेवली आहे, आणि तिच्या मागून जायला एका माणसापुरती वाट राहिली आहे. आईला ही मांडणी पसंत पडली आहे. रिसीव्हर गुरुवारी येतो आहे. सबवूफर आल्यावर तो कोणत्या कोपऱ्यात ठेवावा हे विचारायला याच धाग्यावर येईन.

निवृत्त_अभियंता

अवश्य या. तोवर घरी एक तयारी करून ठेवता येईल. सबवूफर आला की तो आधी सोफ्यावर, आपण बसता त्या जागी ठेवायचा, काळी एकच्या तंबोऱ्याचा आणि डग्ग्याचा तुकडा सलग लावायचा, आणि आपण भिंतीच्या कडेकडेने गुडघ्यावर सरकत ऐकायचे. ज्या जागी खर्ज आणि मींड सर्वांत सारखी ऐकू येईल, तिथे खडूने खूण करायची आणि सबवूफर त्या जागी हलवायचा. बाल्कनीच्या दाराजवळची जागा आधी तपासा.